गुरुवारच्या प्रार्थनेत ‘आमेन’ म्हणू का?

नगरची लेक · १८ नोव्हेंबर २०२४

सर्वांना सलाम.

मी मूळची नगरची. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. गेली ३१ वर्षं कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ राहते, नर्स आहे. इथे मी युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या मंडळीत जाते. ज्या अमेरिकन बोर्डाने १८३१ साली नगरला मिशन सुरू केलं तो बोर्ड पुढे याच चर्चमध्ये सामील झाला, त्यामुळे पहिल्या रविवारीच माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. हे चर्च पुरोगामी. इतकं की सुरुवातीला मलाच झेपत नव्हतं.

दर गुरुवारी रात्री आमची झूमवर मराठी प्रार्थना असते. नगर, राहुरी, वडाळा, सोलापूरकडची अकरा घरं. कोविडात सुरू झाली ती आजवर चालू आहे. येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची विशेष प्रार्थना आहे आणि ती चालवणार आहे माझी धाकटी बहीण, टेक्सासहून. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रम्प जिंकले, त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता. “ताई, प्रभूने ऐकलं गं,” म्हणाली आणि रडायला लागली. मीही रात्रभर रडलेच होते, वेगळ्या कारणाने. तिला ते सांगता आलं नाही. “ड्यूटीला निघालेय” म्हणून फोन ठेवला. त्या गुरुवारी प्रार्थनेला बसले नाही, पुढच्याही नाही.

बहिणीला मीच इकडे आणलं. २००० साली नागरिक झाले, लगेच तिचा अर्ज भरला, आणि व्हिसा यायला बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत आमची आई गेली, तिचं सगळं बहिणीनेच केलं. म्हणून कागदपत्रांविना आलेल्यांबद्दल ती “आम्ही रांगेत उभे राहून आलो, ते का नाही?” म्हणते तेव्हा मला तिला उडवून लावता येत नाही. पण आमच्या मंडळीत ग्वाटेमालाचं एक कुटुंब आहे. १० तारखेच्या उपासनेनंतर त्यातली आई माझ्याजवळ आली आणि मुलीला मंगळवारी शाळेत पाठवू की नको, असं विचारलं. त्या दिवशीचं वाचन रूथचं होतं, परक्या देशातून आलेल्या मवाबी सुनेचं. शुभवर्तमानात गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्या, म्हणजे तांब्याची दोन छोटी नाणी, आणि त्याच्याच आधी विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री. मला पुढचा उपदेश ऐकूच आला नाही.

माझंही मत अगदी स्वच्छ मनाने दिलेलं नव्हतं. हॅरिसबाईंना दिलं, पण गाझातल्या मुलांचे फोटो डोळ्यांपुढून जात नव्हते.

आमच्या राज्यात त्याच मतपत्रिकेवर आणखी दहा प्रश्न होते, मतदारांनी थेट ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगायचे. त्यांना प्रस्ताव म्हणतात. प्रस्ताव ६ तुरुंगातली सक्तीची मजुरी बंद करण्याचा होता. तो पडला, आणि तोही कॅलिफोर्नियात! आपल्याकडे ‘सक्तमजुरी’ हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की कुणी थबकत नाही. मी तुरुंगातल्या एका बाईला दर महिन्याला पत्र लिहिते. ती आत स्वयंपाकघरात राबते, तासाला एक डॉलरसुद्धा मिळत नाही. तिला या महिन्यात काय लिहू?

आणि प्रस्ताव ३ जिंकला, साठ टक्क्यांहून जास्त मतांनी. लग्न हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असं आता कॅलिफोर्नियाच्या घटनेत येणार. त्या जागी जे चौदा इंग्रजी शब्द होते ते जाणार: फक्त पुरुष आणि स्त्री यांचाच विवाह वैध. ते शब्द २००८ च्या प्रस्ताव ८ ने घातले होते. न्यायालयाच्या निकालामुळे २०१३ पासून ते निष्प्रभ होते, पण पुसलेले नव्हते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गर्भपाताच्या हक्काचा निकाल फिरला, तिथल्याच न्यायमूर्ती थॉमस यांनी समलिंगी विवाहाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं, तेव्हापासून इथे सगळ्यांना धास्ती होती.

ते चौदा शब्द घालायला मीही मत दिलं होतं.

इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या मंडळीतल्या ज्या बाईने मला गाडी शिकवली, तिने ऑक्टोबर २००८ मध्ये लग्न केलं. अशी लग्नं कायदेशीर झाल्यापासून प्रस्ताव ८ मंजूर होईपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांत राज्यात अशी सुमारे अठरा हजार लग्नं झाली, त्यांतलं हे एक. दोघी तेवीस वर्षं एकत्र होत्या. लग्नाला मी ओल्या नारळाच्या साठ करंज्या करून नेल्या. दोन आठवड्यांनी टपालाने आलेली मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. ओबामांच्या नावापुढे खूण करताना डोळे भरून आले. पान उलटलं आणि प्रस्ताव ८ ला ‘होय’ केलं. करंज्यांचा स्टीलचा डबा तिने धुऊन परत पाठवला होता, तो समोरच होता. मला वाटलं, मी पवित्र शास्त्राला धरून वागतेय. बहिणीला आज वाटतंय तसंच.

त्यांचं लग्न कायद्याने टिकलं. मी हळूहळू बदलले. पण हे तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

तर गुरुवारी बहीण ट्रम्पच्या विजयाबद्दल देवाचे आभार मानेल. सगळे ‘आमेन’ म्हणतील. मी म्हणू? गप्प बसू? की जाऊच नको?

---

निर्मळकर, वसई

ताई, आम्ही कॅथलिक. मिस्सेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, मग खुर्चीवर कुणीही असो. पौलाने तिमथ्याला राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं तेव्हा राजे काही ख्रिस्ताचे भक्त नव्हते. पण त्यांच्यासाठी मागणं वेगळं आणि ते आले म्हणून आभार मानणं वेगळं. पहिल्याला आमेन म्हणा, दुसऱ्याला मनाई करायचा हक्क तुमच्या जिभेला आहे. आमचे फादर दिब्रिटो हरित वसईसाठी सत्तेशी भांडले ते झगा उतरवून नव्हे. मात्र जाऊच नये, हे पटत नाही. अकरा घरं सहज जमत नाहीत.

---

एडिसनवासी

मी ट्रम्पना मत दिलं. राग मानू नका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. न जन्मलेल्या बाळांचा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत वरचा आहे, आणि दुकानाच्या भाड्याने दोन वर्षं झोप घालवली होती. ग्वाटेमालाच्या त्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, ते खोटं नाही. पण आमच्याही घरी गुडघे टेकूनच निर्णय झाला. तुमच्या बहिणीला अकरा घरांसमोर गाठू नका. आधी फोन करा. ‘ड्यूटीला निघालेय’ म्हणालात ते तिला कळलं असेलच, बहिणींना कळतं.

---

कॅम्पातला, पुणे

मी गे आहे, आणि आमच्या चर्चच्या गायनमंडळात टेनर गातो. यातली पहिली गोष्ट चर्चमध्ये दोघांनाच माहीत आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला लग्नाचा हक्क नाकारला, त्या रविवारी शेजारच्या काकांनी त्याबद्दल आभाराची प्रार्थना केली आणि माझ्या तोंडून सवयीने ‘आमेन’ निघून गेलं. आठवडाभर घशाशी अडकून होतं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला कळतो.

पण मावशी, मला वाटतं तुम्ही चुकीच्या बाईची काळजी करताय. बहिणीचं नंतर बघा. डब्याची गोष्ट आम्हाला सांगितलीत, जिचा तो डबा भरून नेला होतात तिला नाही.

---

नगरची लेक · २५ नोव्हेंबर २०२४

एडिसनच्या भाऊंचं ऐकून बुधवारी बहिणीला फोन केला. पाऊण तास बोललो. भांडलो, आईची आठवण काढली, पुन्हा भांडलो. गुरुवारी तिने आभार मानले तेव्हा मी गप्प राहिले. मग मी त्या मुलीसाठी आणि तुरुंगातल्या बाईसाठी प्रार्थना केली. राहुरीच्या आजींचं आमेन सगळ्यांत मोठ्याने आलं. बहिणीचा माइक बंद होता.

शनिवारी डबा घेऊन मैत्रिणीकडे गेले. ती आता ७८ वर्षांची आहे, जोडीदारीण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आत झोपलेली. उभ्याउभ्याच सांगितलं, बसले तर सांगणं झालं नसतं. ती काही बोलली नाही. डब्याचं झाकण उघडलं, रिकामाच होता, परत लावलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्या रात्री आम्ही दोघी निकाल बघत होतो. कोण असतील ही माणसं, असं ती सारखी म्हणत होती.” मग म्हणाली, “तिला मी सांगेन. तू आज जा.”

काल ख्रिस्त राजाचा रविवार होता. आमच्या बाकावर तिने नेहमीसारखा माझ्या जागेवर कोट ठेवला होता, मी आल्यावर उचलला. शांतीचा सलाम देताना ती दरवेळी मिठी मारते. काल हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत घेतला, आणि पियानो सुरू होईपर्यंत तिने तो राहू दिला.