आमचे गाव शहर झाले त्या दिवशी

भायलीकर

मागच्या आठवड्यात एका लग्नासाठी आणंदला गेलो होतो. परतताना एका कचेरीच्या दारावर रंगारी शिडी लावून उभा दिसला. ‘नगरपालिका’ या अक्षरांच्या डावीकडे पाटीवर फारशी जागा उरलेली नव्हती, त्यामुळे त्याने ‘महा’ ही दोन अक्षरे इतकी बारीक काढली होती की खालून वाचणाऱ्याला ती आधी दिसतच नव्हती. १ जानेवारी २०२५ला गुजरातेत नऊ नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या, त्यांत आणंदचा समावेश आहे. त्या शिडीवरच्या माणसाकडे पाहताना मला बडोद्याजवळच्या आमच्या भायलीची जून २०२०मधली संध्याकाळ आठवली आणि घरी पोहोचेपर्यंत दुसरे काही सुचले नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातील वाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही २००९ साली भायलीत घर घेतले. त्या वेळी पाद्रा-जंबुसरकडे जाणारी छोटी गाडी भायलीवरून धावत असे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते होती आणि रात्री कोल्हे ओरडत. नातेवाईक ‘ते आता गावी राहतात’ असे सांगत, आणि त्यात सहानुभूती किती व टोमणा किती हे कधीच कळत नसे. जून २०२०मध्ये भायली, सेवासी, वेमाली, बिल, करोडिया, उंडेरा आणि वडदला ही सात गावे बडोद्याच्या हद्दीत आली. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या चेअरमननी निरोप धाडला की एकत्र जमता येत नाही, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या ओट्यावर येऊन आनंद व्यक्त करावा. मार्चमध्ये थाळ्या वाजवण्याची सवय झालेलीच होती, त्यामुळे लोकांनी पुन्हा थाळ्या आणल्या. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीने विचारले, “करोना संपला का?” आईने घाईघाईने शिरा केला आणि मास्क लावूनच चार घरी वाट्या पोहोचवल्या.

माझे वडील मात्र खुर्चीवरून उठले नाहीत. ते म्हणाले, “१ मे १९४९ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्या रात्री वाड्यात दिवे लावावेत की लावू नयेत, यावर मोठ्या माणसांचा वाद झाला आणि शेवटी अर्ध्या वाड्यात दिवे लागले. विलीनीकरण या शब्दावर मी थाळी वाजवणार नाही.” मला ते तेव्हा अकारण कडवट वाटले. दुसऱ्या दिवशी आम्हांला दूध घालणारे पटेलकाका आले आणि काही न बोलता किटली टेकवून गेले. आदल्या संध्याकाळी त्यांच्या फळीत, म्हणजे गल्लीत, एकही थाळी वाजलेली नव्हती, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आले.

आपल्यापैकी ज्यांचे गाव शहर झाले, किंवा जे शहर झालेल्या गावात राहावयास आले, त्यांनी आपापली आठवण लिहावी.

सेवासीची सून

आमच्याकडे थाळ्या वाजल्या नाहीत. गावात विरोधाच्या बैठका चालू होत्या आणि माझे सासरे त्यांत पुढच्या रांगेत होते. आमचे घराणे चार पिढ्या सेवासीत आहे, त्यामुळे ‘मराठी म्हणजे शहरातले’ हे समीकरण आमच्या बाबतीत लागू पडत नाही. सासऱ्यांचे म्हणणे सरळ होते. दाखला हवा असेल तर तलाटी कडुनिंबाखाली भेटतो आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव पाठ असते, तेव्हा शहर झाल्यावर आपले नाव कोणाला पाठ असणार? फेब्रुवारी २०२१मध्ये आम्ही प्रथमच महानगरपालिकेसाठी मतदान केले. पूर्वी सरपंचाला एक मत देत होतो, आता प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे म्हणून चार वेळा बटण दाबायचे होते. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या की चौघांपैकी एकाचाही चेहरा त्यांनी पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. सोळाव्या शतकातली आमची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहण्यासाठी शहरातून मुले येऊ लागली. ती पूर्वीही येत असतील, पण आता ‘आपल्या शहरातली वाव’ असे म्हणून येतात. घाईत लिहिते आहे, कुकर झाला.

दांडियाबाजारकर

भायलीकर, आपण वाडा सोडला त्या दिवशी माझ्या आईने आपल्याला वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या, हे लिहावयाचे आपण विसरलात. जणू आपण द्वारकेस निघाला होता.

भायलीकर

दशम्या पोहोचण्याआधीच संपल्या, कारण त्या दिवशी अकोटा गार्डनपाशी टेम्पो तासभर बंद पडला होता. काकूंना नमस्कार सांगावा.

उंडेऱ्याची काकू

माझे यजमान रिफायनरीतून निवृत्त झाले. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली आणि तिच्या आजूबाजूची गावे तेव्हापासूनच निम्मी शहरी झाली होती. पुण्याच्या नणंदेला आम्ही कायम ‘बडोद्याला राहतो’ असेच सांगत आलो. त्यामुळे २०२०मध्ये कागदावर बडोदेकर झालो तेव्हा मला आनंदाऐवजी थोडी शरम वाटली, कारण इतकी वर्षे आपण खोटे सांगत होतो हे त्या कागदाने सिद्ध केले.

आमच्या सोसायटीत प्रत्येक चार घरांमागे एक खाळकुवा, म्हणजे सांडपाण्याचा खड्डा, आहे. तो भरला की टँकर बोलवायचा, टँकरवाल्याशी भाव करायचा आणि त्या दिवशी खिडक्या लावून बसायचे. शहरात येण्याचा पहिला अर्थ माझ्यासाठी हाच होता की आता गटार येईल. घरवेऱ्याचे, म्हणजे घरपट्टीचे, बिल गटाराच्या आधी आले, एवढे सांगून थांबते. टँकरवाल्याचा नंबर अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

निवृत्त हेडक्लार्क

भायलीकरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, म्हणून नम्रपणे लिहितो. भायली आणि सेवासी ही गावे शहर झाली नाहीत, ती शहरात गेली. आणंद, नडियाद, नवसारी, वापी, मेहसाणा, मोरबी, गांधीधाम, सुरेंद्रनगर आणि पोरबंदर ही नऊ गावे मात्र स्वतःच्या नावानिशी वरच्या पायरीवर चढली, आणि राज्यातल्या महानगरपालिकांची संख्या आठावरून सतरा झाली. कागदोपत्री हा फरक मोठा आहे. गुजरातेत नगरपालिका १९६३च्या अधिनियमाखाली चालते, तर महानगरपालिका १९४९च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली, ज्याच्या नावातले ‘मुंबई’ पुढे बदलले गेले, परंतु कलमांचा सांगाडा बराचसा तोच राहिला. नगरपालिकेत मुख्याधिकारी असतो आणि अध्यक्षाचे वजन असते. महानगरपालिकेत आयुक्त येतो, अंमलबजावणीचे अधिकार त्याच्याकडे जातात आणि महापौर हे मानाचे पद ठरते. नव्या नऊ ठिकाणी तर निवडणुका होईपर्यंत प्रशासकानेच कारभार पाहावा असे ठरले. तेव्हा ज्यांनी फटाके लावले त्यांनी महापौरासाठी लावले असतील, तर ते थोडे आधी लावले असे म्हणावे लागेल.

आपल्या वडिलांची आठवण वाचून मात्र मी लिहिता लिहिता थांबलो. १९४९चे विलीनीकरण आणि १९४९चाच अधिनियम. आमच्या टेबलावरून हा आकडा हजारो वेळा गेला असेल, पण दोन्ही एकाच वर्षाचे आहेत हे कधी मनात आले नाही.

नवसारीची माहेरवाशीण

हेडक्लार्क काकांनी यादी दिली त्यावरून सुचले. गायकवाडांच्या राज्यात बडोदे, नवसारी, कडी आणि अमरेली असे चार प्रांत होते, आणि कडी प्रांताचे मुख्य ठाणे पुढे मेहसाण्यास गेले. माझे पणजोबा नवसारीस सुभ्याच्या कचेरीत कारकून होते, म्हणून आमचे मराठी घर तिकडे रुजले. आता हिशेब पाहा, बडोदे आधीपासून महानगर, नवसारी आणि मेहसाणा परवा झाले, आणि अमरेली तेवढी राहिली. सयाजीरावांनी १८९३ साली सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग अमरेलीतच केला होता, म्हणजे पहिला मान तिला मिळालेला आहे. माझ्या अमरेलीच्या मैत्रिणीला हे लिहून पाठवले तर तिने फक्त रागावलेले तोंड पाठवले.

१ जानेवारीला दादाचा फोन आला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा देण्याऐवजी तो म्हणाला, “ताई, तुझे माहेर आता महानगर झाले.” वहिनी मागून ओरडल्या, “पाणी दिवसातून कितीदा येणार ते विचारा आधी!” दोघेही हसत होते, पण दादाचा आवाज थोडा जड होता हे मला ऐकू आले. बाबा असते तर त्यांनी पेढे वाटले असते. दादाभाई नवरोजींचे घराणे ज्या गावातले आणि जमशेटजी टाटा ज्या गावात जन्मले त्याला नगरपालिका म्हणणे हा अपमान आहे, असे ते आयुष्यभर म्हणत राहिले.

दांडियाबाजारकर

अमरेलीकरांच्या वतीने निषेध.

लेकीकडे आलेली

विषय बडोद्याचा आहे, तरी सध्या माझा मुक्काम मुलीकडे इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आहे, म्हणून लिहिते. हे गाव १९६७ साली शेतांवर आखणी करून वसवायला घेतले. शहराचा दर्जा मिळावा म्हणून येथल्या लोकांनी केलेले पूर्वीचे अर्ज फेटाळले गेले होते. शेवटी २०२२ साली राणीच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षे झाली त्या निमित्ताने आठ गावांना शहर म्हणवून घेण्याचा मान मिळाला, त्यांत हे एक. मी जावयांना विचारले की त्यामुळे कर वाढला का, पाणी वाढले का, हद्द वाढली का. ते म्हणाले की काहीच बदलत नाही, ना अधिकार ना पैसा, फक्त नाव मिळते. जुन्या काळी म्हणे मोठे कॅथेड्रल असेल त्याच गावाला तेथे शहर म्हणत. आपल्याकडे नाव नंतर येते आणि वेरा आधी, येथे नुसते नाव येते. तरीही शेजारच्या आजीबाई तो दिवस आठवून डोळे पुसतात, हे पाहून मला नवल वाटले. त्यांनी हे गाव चिखल आणि विटांच्या ढिगाऱ्यांपासून पाहिलेले आहे, म्हणून असेल.

भायलीकर

मावशी, चिखल आणि विटांचे ढिगारे वाचून माझ्याही डोळ्यांसमोर २००९ उभे राहिले. हेडक्लार्क साहेबांची दुरुस्ती मान्य आहे. आम्ही शहर झालो नाही, शहरात गेलो, आणि वडिलांना तेच म्हणायचे होते असे आज वाटते.

बिलचा नातू

माझ्या आजोबांची बिलमध्ये थोडी शेतजमीन होती, पूर्वी कधीतरी इनामात मिळालेली. टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, पडली की जमिनीचा काही भाग रस्ते, बागा आणि सार्वजनिक वापरासाठी कापला जातो आणि उरलेला तुकडा चौकोनी करून, कधी कधी थोडा सरकवून, नव्या फायनल प्लॉट नंबराने परत मिळतो. आजोबांना कपातीचे दुःख नव्हते. दुःख याचे होते की परत मिळालेल्या तुकड्यात त्यांची विहीर नव्हती. विहीर रस्त्यात गेली. आम्ही त्यांना समजावत राहिलो की प्लॉटचा भाव किती पट झाला आहे, आणि ते प्रत्येक वेळी विचारत की विहीर बुजवताना त्यांना बोलावले का नाही. आता त्या रस्त्यावरून स्कूटर नेताना मी नेमक्या त्या जागी वेग कमी करतो, तेथे गतिरोधक नसतानाही. मागून येणारे हॉर्न देतात.

ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्याकडेही गुडघाभर पाणी होते. आजोबा असते तर म्हणाले असते की पूर्वी हे पाणी शेतात आणि तलावात जायचे, आता ते बिचारे जाणार कुठे.

सेवासीची सून

कुकर उतरवून परत आले. बिलचा नातू, आपली विहीर वाचून सासऱ्यांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बाहेर जाऊन बसले आहेत.

उंडेऱ्याची काकू

मला एक शंका आहे, कोणी जाणकाराने सांगावे. काल मुलाने पाठवलेले पार्सल परत गेले, कारण त्याने पत्त्यात गावाचे नाव न लिहिता नुसते ‘वडोदरा शहर’ लिहिले होते. शहराचे पिन ३९०ने सुरू होतात आणि आमचा अजून ३९१नेच होतो. पाच वर्षे होत आली. हा बदलणार आहे का?

निवृत्त हेडक्लार्क

पिन हा टपाल खात्याचा विषय आहे. हद्द राज्य सरकार ठरवते, पिन केंद्राचे खाते ठरवते आणि दोघांची गाठ पडलीच पाहिजे असे नाही. मुलाला सांगावे की पत्त्यात ‘उंडेरा’ लिहीत जा.

भायलीकर

आम्हीही ‘भायली’ लिहितो. वडील तर ‘मु. पो.’सुद्धा लिहितात.