बी की डी? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

प्राची डी-304: गुड मॉर्निंग सर्वांना. काल परत तेच झालं. सासूबाईंचं इन्सुलिन गेटवरून बी-304 ला गेलं आणि तिथे चपलांच्या स्टॅंडवर दीड तास पडून होतं, ते 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं हो. वॉचमन म्हणतो फोनवर बी ऐकू आलं. सेक्रेटरी साहेब, काहीतरी करा प्लीज 🙏

पाटील ई-501: इंटरकॉम गणपतीपासून बंद आहे.

शुभांगी बी-304: आम्ही बाहेर होतो. आल्या आल्या आणून दिलं. ते पण सांगायचं होतं.

प्राची डी-304: तुमच्यावर नाही बोलले वहिनी. हापूसच्या पेटीच्या वेळीही काही बोलले नव्हते.

शुभांगी बी-304: पेटी कोणी काढली आता?

सोनवणे काका सी-201: दोष कोणाचाच नाही. मी टेलिफोन खात्यात 31 वर्षं काढली. साध्या फोन लाईनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, बाकीचा कापला जातो. बी, डी, पी, टी, व्ही सगळ्यांची शेपटी ई, फरक फक्त सुरुवातीच्या क्षणात, तोच नेमका खराब होतो. एफ आणि एस चं पण तेच, स चा जो खरा सूं आवाज आहे तो 3400 च्या वरच जास्त असतो.

ओंकार ए-403: म्हणून बँकवाली मला पॅन नंबर 4 वेळा विचारते 😂

देशपांडे काका ए-102: मूळ दुखणं इंग्रजी अक्षरांच्या नावात आहे. लॅटिनमध्ये बऱ्यापैकी पद्धत होती, ज्यांचा आवाज ओढत नेता येतो त्या फ ल म न स ला स्वर आधी, म्हणून एफ एल एम एन एस, आणि ब ड प ट जे फुटून संपतात त्यांना स्वर मागून. मग व्ही नंतर वेगळा झाला, त्याला खरं तर एव्ह म्हणायला हवं होतं तर व्ही केलं. एच मध्ये ह चा पत्ता नाही. डब्ल्यू मध्ये व नाही. आपल्याकडे क म्हणजे क, विषय संपला. माझी सूचना, विंगना अ ब क ड इ म्हणा. शाळेत तुकड्या अशाच होत्या, पाचवी ब मधला मुलगा कधी पाचवी ड मध्ये जाऊन बसला का?

ओंकार ए-403: काका, मी बसायचो. मुद्दाम.

कदम डी-102: म्हणजे आम्ही ड तुकडी का? वा. पाणी आम्हाला शेवटी येतं, रंग शेवटी लागला, आता हे पण.

देशपांडे काका ए-102: अहो कदम तसं नाही

कदम डी-102: ए विंगवाल्यांना सुचणारच.

सोनवणे काका सी-201: आणि काका, सी ला तुम्ही क म्हणता, मग के ला काय म्हणायचं? जी ला ग की ज?

देशपांडे काका ए-102: के विंग आहे का आपल्याकडे?

पाटील ई-501: इंटरकॉम गणपतीपासून बंद आहे.

मृणाल बी-602: आमच्याकडे वेगळंच, लेक अमेरिकेहून आलीये, नात झी म्हणते, आजोबा झेड शिकवतात, सकाळपासून जुंपलीये. झी म्हटलं की बी सी डी शी यमक जुळतं म्हणे. म्हणजे तिकडे गोंधळात अजून एक भर.

शुभांगी बी-304: आजोबांना सांगा झी म्हणजे चॅनेल 😄

सोनवणे काका सी-201: विमानवाल्यांनी यावर उपाय काढलाय. आल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, इको. 1956 पासून जगभर हेच चालतं. ब्राव्हो आणि डेल्टात चूक होऊच शकत नाही.

ओंकार ए-403: उद्या कुरियरवाला येऊन विचारेल, चार्ली साहेब कुठल्या मजल्यावर राहतात.

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. विंगची नावं अॅग्रीमेंट, लाईट बिल, शेअर सर्टिफिकेट सगळीकडे आहेत, ती बदलणार नाही. वॉचमनला सांगितलंय, फोनवर बी आलं तर बदक आणि डी आलं तर डमरू असं विचारून खात्री करायची.

कदम डी-102: बदक त्यांना आणि डमरू आम्हाला. ठीक आहे. डमरू तरी वाजतं.

शुभांगी बी-304: बदक कोणी पसंत केलं?? बटाटा चाललं असतं.

पाटील ई-501: साहेब, इंटरकॉम गणपतीपासून बंद आहे. तो चालू असता तर वॉचमनने दोन्ही घरी विचारलं असतं.

सेक्रेटरी: पाटील, कोटेशन मागवलंय.

पाटील ई-501: दिवाळीतही मागवलं होतं.

देशपांडे काका ए-102: माझ्या सूचनेचं काय झालं?

शुभांगी बी-304: प्राची, आत्ता दारात एक मुलगा उभा आहे, सही मागतोय, म्हणतो टी-304. आपल्याकडे टी विंग कधी झाली?

प्राची डी-304: थंड आहे का बघा वहिनी, येतेच मी खाली.