मदत हवी आहे : पक्षाघातानंतर गेलेली वाचा

नमस्कार. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांना (वय 68) दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने उजवा हात व पाय लुळा पडला आणि बहुतेकांत भाषेचे केंद्रही डावीकडेच असल्याने वाचाही गेली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बेळगावला पोहोचेपर्यंत ती वेळ टळली होती.

आता ते काठीच्या आधाराने चालतात. खरी अडचण बोलण्याची आहे. पाणी हवे असताना 'चावी, चावी' म्हणतात आणि चूक उमगली की डाव्या हाताने कपाळ बडवून घेतात. मात्र भजनातला अभंग सुरू करून दिला, तर शेवटपर्यंत अडखळत नाहीत. सरावासाठी मिळालेली चित्रांची कार्डे कन्नडमध्ये आहेत आणि वडिलांचे कन्नड बाजारापुरतेच, वाचन तर सारे मराठीत.

बेळगाव, निपाणी किंवा पलीकडे चंदगड, गडहिंग्लज भागात मराठीतून शिकवणारे वाचा-उपचारतज्ज्ञ कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. अभंगाच्या चालीवर रोजच्या वाक्यांचा सराव कोणी घरी करून घेतला असेल, तर तो कसा केला, हेही सविस्तर लिहावे.