सँडफील्ड मॅकडोनाल्ड प्यादं नव्हते

कुणीतरी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या या पहिल्या प्रीमियरना (म्हणजे प्रांताच्या सरकारप्रमुखांना) देशाचे पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांचं प्यादं म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. आठव्या वर्षी आई गेली, पोरगा घरातून पळाला, दुकानात राबला आणि विशीत पुन्हा शाळेच्या बाकावर बसला! तरुणपणी सरकारी टपाल घेऊन वॉशिंग्टनच्या वाऱ्या केल्या. त्याच काळात अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सिनेटरची मुलगी भेटली. १८४० मध्ये सनद मिळाली, कॉर्नवॉलसारख्या छोट्या गावात वकिली थाटली, पुढच्याच वर्षी आमदार. कॅनडाच्या महासंघाला (ब्रिटिश वसाहती एकत्र करून एक देश बनवण्याला) त्यांचा उघड विरोध होता, तरी १८६७ मध्ये ओंटारिओ प्रांत उभा करायची जबाबदारी घेतली. आणि १८७१ मध्ये सत्ता गेली तेव्हा तिजोरीत शिल्लक होती, हे कसं विसरता?