ऊसतोडीच्या स्थलांतरावर लघुप्रबंध : सिद्धांत कोणता, मुलाखती कधी?

मांजराकाठ :
एम.ए. समाजशास्त्र. विषय : बीडमधल्या धारूर-वडवणीकडून कोल्हापूर-सांगलीला जाणारे ऊसतोड मजूर आणि त्यांची ओळख. पुश-पुल सिद्धांत (गावातली अडचण ढकलते, बाहेरची संधी खेचते) पुरेल का? आकडे जनगणनेतून घेऊ? मुलाखती कधी घ्याव्यात?

बालाघाट :
ताई, नुसत्या पुश-पुलवर भागणार नाही. एव्हरेट ली यांची १९६६ ची मांडणी माणूस फायदा-तोटा तोलून निघतो असं धरते. इथं दसऱ्याआधीच मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, म्हणजे जायचं की नाही हे तेव्हाच ठरलेलं. उचल कशाला लागली, मागची किती अंगावर राहिली, इथून सुरुवात करा. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचं गुजरातमधल्या बारडोलीच्या ऊसतोडीवरचं काम आधी वाचा. लोक तिकडं स्थायिक होत नाहीत, फिरत राहतात, हा मुद्दा तिथं नीट सापडतो.

जनगणनेत हे लोक जवळपास दिसत नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला. हंगाम लांबला की तेच कुटुंब व्याख्येबाहेर! तक्त्याशेजारी व्याख्या लिहाच.

गोदाकाठ :
प्रश्नावलीत 'मजूर किती' विचारू नका, 'कोयते किती' विचारा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. पण या मोजणीत बाईची मजुरी बुडते, म्हणून तिच्यासाठी वेगळं पान ठेवा. कमाईचा आकडाही थेट मिळत नाही. टनाचा भाव, दिवसाचे टन, खाडे, उचल विचारून हिशेब तुम्हीच मांडा.

मुलाखत संध्याकाळी कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर. चूल पेटलेली असते, बाया भाकरी थापता थापता बोलतात. अर्ध्या तासावर ताणू नका. संमतीसाठी अंगठा मागू नका. उचलीचे कागद बघितलेला माणूस तिथंच गप्प होतो. तोंडी संमती रेकॉर्ड करा.

ओळखीसाठी 'तुम्ही स्वतःला कोण समजता' हा प्रश्न फुकट जातो. लेकरांच्या शाळेत, दवाखान्यात गाव कोणतं सांगता, हे विचारा. तीच माणसं दसऱ्याआधी गावात, जानेवारीत कोपीवर आणि पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) पुन्हा गावात भेटली तर फरक कळेल.

बालाघाट :
जमलं तर बेळगावकडं जाणारी एखादी टोळीही घ्या. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरताच होता. तुलना भक्कम होईल.

मांजराकाठ :
मुकादमाची मुलाखत घ्यावी का?

गोदाकाठ :
घ्या, पण सगळ्यात शेवटी. त्याच्या ओळखीनं गेलात तर मजूर तुम्हाला त्याचंच माणूस समजतात. गावात आशाताईंमार्फत, म्हणजे आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीमार्फत, शिरा.