उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकावीत का?

धागालेखक (भूलतज्ज्ञ):
माझे मत स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेची चित्रफीत किंवा उपचारांच्या 'आधी-नंतर'ची जोडचित्रे डॉक्टरांनी इन्स्टाग्राम वा यूट्यूबवर टाकू नयेत, रुग्णाची संमती असली तरीही. जो माणूस थोड्या वेळात आपल्या हाती जीव सोपवून टेबलावर झोपणार आहे, तो शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राबरोबर पुढे केलेल्या दुसऱ्या कागदावर सही करायला नकार देईल, ही अपेक्षाच गैर आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आपल्याकडे ओढणे अनैतिक ठरवले असून, दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचे छायाचित्र लावणेही तिच्या लेखी आत्मप्रसिद्धी ठरते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या नियमांत रुग्णांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्याबरोबरच लाइक्स आणि फॉलोअर्स विकत घेण्यावरही बंधन होते. मात्र त्याच नियमांतील जेनेरिक औषधे (कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ नावाने) लिहून देण्याच्या सक्तीवरून वाद पेटला, त्याच महिन्यात सगळे नियम स्थगित झाले आणि त्यांच्याबरोबर हा आवश्यक भागही बाजूला पडला. याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ):
मी असहमत आहे. नायट्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की खाज थांबते, लाली ओसरते, पण बुरशी आत पसरतच राहते. शिवाय चट्ट्याची नेहमीची गोल कड पुसट झाल्याने डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. हे शब्दांत सांगून पटत नाही, दाखवावेच लागते. पाठ्यपुस्तकांतील छायाचित्रे बहुतांश गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या त्वचेवरचा दाह लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतो, त्यामुळे आपल्या लोकांना स्वतःचा आजार त्या चित्रांत ओळखू येत नाही. तुम्ही ज्या संहितेचा आधार घेता, तीच सार्वजनिक आरोग्यावर लिहिण्या-बोलण्याची मुभा देते आणि रुग्णाची ओळख उघड होणार नसेल तर छायाचित्रासाठी संमतीचीही अट घालत नाही. आम्ही बोलणे थांबवले, तर गोरेपणाची मलमे विकणाऱ्यांना मैदान मोकळे मिळेल.

प्रतिसाद (तालुक्याच्या गावातील वाचक):
डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने ओळख लपते, हे शहरात खरे असेल. आमच्याकडे हातावरचे गोंदण, गळ्यातले डोरले किंवा मागची भिंत पाहूनही माणूस ओळखला जातो, आणि त्वचेच्या आजाराची बातमी लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचते.

प्रतिसाद (फिजिशियन):
दोन वेगळ्या गोष्टींची येथे गल्लत होऊ नये. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी मी व्हॉट्सॲपवर हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतो, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर दिले जाईल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. ही तज्ज्ञांशी केलेली सल्लामसलत आहे आणि ती थांबता कामा नये. ईसीजीच्या कागदावर रुग्णाचे नाव छापलेले असेल तर ते झाकून पाठवणे, हे मात्र आपले कर्तव्य आहे, आणि दीडशे सदस्यांच्या गटापेक्षा एका तज्ज्ञाला पाठवणे केव्हाही योग्य.

धागालेखक:
ईसीजीबाबत पूर्ण सहमत. त्यात रुग्णाचेच हित आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवलेले छायाचित्रांविषयीचे कलम मात्र वैद्यकीय व अन्य नियतकालिकांतील प्रकाशनासाठी लिहिलेले आहे. नियतकालिकात संपादक असतो. रील मात्र क्षणात हजारो अनोळखी लोकांपर्यंत जाते, कोणीही ती उतरवून घेऊ शकतो आणि पुढे रुग्णाने संमती मागे घेतली तरी ती परत येत नाही. शिक्षणासाठी चित्र हवेच असेल, तर व्यावसायिक संघटनेने सावळ्या त्वचेवरील आजारांचा खुला चित्रसंग्रह उभारावा. त्यात कोणत्याही डॉक्टरचे वा दवाखान्याचे नाव नसावे आणि संमती उपचार पूर्ण झाल्यावर, उपचार न करणाऱ्या व्यक्तीने घ्यावी. अशा संग्रहाला माझा विरोध नाही.

प्रतिसाद (त्वचारोगतज्ज्ञ):
असा संग्रह झाल्यास माझ्याकडची छायाचित्रे मी पहिल्या दिवशी देईन. तो होईपर्यंत मात्र चेहरा, गोंदण, दागिने वगळून केवळ चट्ट्याचे जवळून घेतलेले चित्र, रुग्ण बरा झाल्यावर त्याला विचारून, मी टाकत राहणार आहे. कारण तेच स्टेरॉइडमिश्रित मलम चेहऱ्याला लावणारी मुलगी आज माझी पोस्ट पाहून थांबू शकते.