मदत हवी आहे: काजूवरच्या ओंबील ठेवू की काढू?

आमच्या काजूच्या कलमावर ओंबील मुंग्यांनी पाच घरटी केलीत. काल बघत उभा राहिलो. काही जणी दोन पानांच्या कडा ओढून धरतात, बाकीच्या तोंडात आपलीच अळी धरून तिच्या रेशमाने पानं शिवतात. कौतुक दहा मिनिटं टिकलं, मग मानेला कडकडून चावल्या!

आई म्हणते, जाळून टाक. शेजारचे काका म्हणतात, राहू दे, ढेकण्याला (काजूचा मोहोर, कोवळी पालवी शोषणारी कीड) खातात. पण याच मुंग्या गोड चिकट्यासाठी तो सोडणारे पिठ्या ढेकूणही (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) सांभाळतात.

फवारणी नकोच आहे. फक्त बिया गोळा करताना त्रास होऊ नये. बुंध्याला राख टाकली, तर शेजारच्या आंब्याच्या टेकलेल्या फांदीवरून आल्या. तुम्ही काय करता?